झुरळं हुशार झाली की जेल जुनं झालं?

विचारा तर खरं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात मुंबईतल्या प्राणी-पक्ष्यांवर प्रश्न मागवले होते आणि मेल, व्हॉट्सॲप, दोन-चार पोस्टकार्डं (हो, अजून येतात) मिळून इतके आलेत की निवडताना माझीच पंचाईत झाली. बहुतेकांचा सूर सारखा, अमक्याने शहराशी जुळवून घेतलं, तमक्याला नाही जमलं, असं का? तर मी दर वेळी उलट विचारणार, जुळवून घेतलं म्हणजे नक्की कोणी घेतलं? त्या एकट्या जिवाने जन्मल्यावर काही शिकून घेतलं, की त्याच्या पिढ्या बदलत गेल्या, की त्याने काहीच केलं नाही आणि आपणच त्याच्या सोयीचं शहर बांधून दिलं? तिन्ही वेगळं आहे आणि उपायही मग वेगवेगळे निघतात.

*आमच्या नवव्या मजल्यावर एसीच्या मागे कबुतरांनी परत अंडी घातलीत. आमच्या चाळीत पूर्वी चिमण्याच चिमण्या असायच्या, कबुतरं क्वचित. कबुतरांना शहर मानवलं आणि चिमण्यांना का नाही? – एक आजी, मुलुंड*

आजी, कबुतराने तुमच्या नवव्या मजल्यासाठी वेगळं काही शिकून घेतलेलं नाहीये. त्याचे रानटी पूर्वज कड्याकपारीत राहायचे, उभा खडक, मध्ये वीतभर सपाट जागा, डोक्यावर जरासा आडोसा, खाली मोकळं, म्हणजे मांजर-बिंजर चढून येणार नाही. आता तुमच्या एसीच्या मागची जागा बघा, तेच आहे की नाही. मध्ये हजारो वर्षं माणसाने कबुतरं पाळली, त्यातली सुटली, शहरभर झाली, पण घर शोधायची त्यांची रीत तीच राहिली. आपण टॉवर बांधत गेलो आणि त्यांना आयते कडे मिळत गेले. घरटं म्हणजे काय, तर चार काड्या आणि त्यावर दोन अंडी, आपल्याला बघून कीव येते पण कड्यावर एवढंच लागतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कबुतराच्या पिल्लाला पहिले काही दिवस आई आणि बाप दोघंही गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत तयार होणारा दह्यासारखा पदार्थ भरवतात, त्याला कबुतराचं दूध म्हणतात. म्हणजे मोठ्यांना दाणे मिळाले की पिल्लांची सोय झाली, आणि दाणे टाकायला मुंबईत माणसांची कमी नाही, म्हणून वर्षभर वीण चालू. चिमणीचं तसं नाही. ती स्वतः दाणे खाते पण पिल्लांना सुरुवातीला अळ्या-किडे लागतातच, म्हणजे जवळपास झुडपं हवीत, माती हवी. आणि घरट्याला भोक हवं, कौलाखालची फट, फोटोच्या फ्रेमची मागची जागा, मीटरच्या पेटीचा कोपरा. काचेच्या बिल्डिंगला भोक कुठून आणायचं? तरी चिमण्या देशातून संपल्यात असं समजू नका, 2020 च्या भारतभरच्या पक्षी अहवालात त्यांची एकूण संख्या बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं, घट दिसली ती मोठ्या महानगरांत. मोबाईल टॉवरमुळे गेल्या असं सगळे छातीठोकपणे सांगतात पण त्याला धड पुरावा नाहीये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर जाळी बसवा किंवा त्या सपाट जागेवर तिरकी फळी लावा, उतारावर काड्या टिकत नाहीत. आत्ता अंडी आहेत तर पिल्लं उडेपर्यंत थांबा, महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे. विष्ठा साफ करताना आधी पाणी मारून ओली करा आणि मास्क लावा, तिच्या धुळीने फुप्फुसांना कायमचा त्रास होऊ शकतो. दाणे टाकण्याबद्दल 2025 ला दादरच्या कबुतरखान्यावरून केवढा गदारोळ झाला तो तुम्हाला माहीतच असेल, माझं मत विचाराल तर टाकू नयेत. भूतदया म्हणून टाकलेली मूठभर ज्वारी शेवटी तुमच्याच एसीच्या मागे येऊन अंडी घालते.

*पूर्वी झुरळांचं जेल लावलं की आठवड्यात साफ. आता त्याच जेलला वळसा घालून जातात. ती शिकलीत का? एकमेकांना सांगतात का? हे गमतीत विचारत नाहीये. – गिरगावातला एक त्रस्त वाचक*

गमतीत घेतलंच नाही, या महिन्याचा सगळ्यात भारी प्रश्न तुमचा आहे. आधी साधं काय ते बघा, जेल सुकून कडक झालंय का आणि तुमची झुरळं कुठली आहेत. गटारातून येणारी मोठी लालसर-तपकिरी वेगळी, आणि ओट्याखाली, मिक्सरच्या मागे, फ्रीजच्या रबरात राहणारी लहान, मानेवर दोन काळ्या पट्ट्या असलेली वेगळी. दुसरी असतील तर पुढचं वाचा. त्या जातीला सगळीकडे जर्मन झुरळ म्हणतात.

झालं असं की अशा जेलमध्ये विषाबरोबर गोड काहीतरी घालतात, त्यात ग्लुकोज असायचं. 1980 च्या दशकात अमेरिकेत ही गोड विषं जोरात वापरायला लागले, सुरुवातीला मस्त चालली, आणि मग काही ठिकाणची झुरळं त्यांना शिवेनात. विषाची सवय झाली असेल असं आधी वाटलं. पण विष नसलेलं नुसतं ग्लुकोज दिलं तरी ती मागे सरकत होती! हे 1993 ला छापून आलं. कारण कळायला मग आणखी वीस वर्षं गेली. झुरळाच्या तोंडाभोवती चव ओळखणारे बारीक केस असतात, त्यात गोड ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या आणि कडू ओळखणाऱ्या वेगळ्या. या झुरळांमध्ये ग्लुकोज लागलं की कडूवाल्या पेशी पेटतात. म्हणजे आपल्याला जे गोड ते त्यांना कारल्यासारखं कडू.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, ती शिकली का, तर नाही. आणि एकमेकांना सांगत पण नाहीत. एखादं झुरळ आयुष्यात एकदाही जेल न बघता जन्मतःच असं असतं. लाखो झुरळांत एखाद्याच्या जीभेत, म्हणजे जीभ नाही पण समजून घ्या, हा बिघाड आधीपासून असणार, एरवी तो तोट्याचाच, कारण गोड खायला मिळत असताना हे उपाशी. पण ज्या घरात सगळं गोड विषारी आहे तिथे बाकीची मेली आणि हा बिघाडवाला तेवढा उरला. मग त्याची पोरं, त्यांची पोरं. मादी एका वेळी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाशी घेऊन फिरते आणि आपल्या उबदार किचनमध्ये अंड्यापासून वयात यायला दोन-तीन महिने पुरतात, म्हणजे दोन-चार वर्षांत किती पिढ्या झाल्या बघा. एकाही झुरळाची चव बदलली नाही, झुरळं बदलली.

पुढचा भाग मला फार आवडतो. यांच्यात नर मादीला पटवताना पंख उचलतो आणि पाठीवरच्या ग्रंथीतला गोड रस चाटायला देतो, ती चाटत थांबली की तेवढ्या वेळात काम साधतो. पण त्या रसातली साखर मादीच्या लाळेने ग्लुकोजमध्ये बदलते, आणि हिला तर ग्लुकोज कडू, म्हणजे ऐन वेळी तोंड वाकडं करून निघून जाते. विषापासून वाचले आणि लग्नात अडले. गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांत दिसलं की अशा घराण्यातल्या नरांचा रसच वेगळा झालाय, त्यातली साखर ग्लुकोज व्हायला जास्त वेळ लागतो, आणि ते घाई पण जास्त करतात. एका चवीपायी अख्खं लग्नकार्य बदललं.

बाकी जर्मन म्हणून उगाच त्यांच्यावर खापर. जिवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1767 ला नाव दिलं तेव्हा नमुने युरोपातले होते एवढंच. 2024 ला बऱ्याच देशांतल्या झुरळांचे जीन तपासून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ही जात सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या बाजूला, बाहेर शेतात राहणाऱ्या एका आशियाई झुरळापासून वेगळी झाली आणि माणसाच्या घरात घुसली. पुढे व्यापाराबरोबर पश्चिम आशियात, मग युरोपियन कंपन्यांच्या जहाजांतून जगभर. म्हणजे गिरगावात तुम्ही भाडेकरू असाल, ती जवळपास मूळ मालकाच्या घरची आहेत.

उपाय: त्याच ब्रँडचं जेल वर्षानुवर्षं लावू नका, आलटून पालटून वेगळं आमिष आणि वेगळं औषध असलेलं घ्या, पेस्ट कंट्रोलवाल्याला तसं सांगा. आणि रात्री सिंक कोरडं करून झोपा. पाण्यावाचून ती उपाशी असण्यापेक्षा लवकर मरतात.

*फ्लेमिंगो एवढ्या घाण पाण्यात उभे असतात तरी आजारी का नाही पडत? आणि ते गुलाबी का असतात? – इयत्ता सातवी, ऐरोली*

दुसऱ्याचं आधी सांगते, सोपं आहे. गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो. पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांत रंगद्रव्य असतं, तेच पिसांत उतरतं. पिल्लू राखाडीच असतं, खाऊन खाऊन गुलाबी होतं.

आता घाण पाणी. ठाण्याच्या खाडीत बहुतेक छोटे फ्लेमिंगो दिसतात, आणि थोडे मोठे. छोट्याचं मुख्य खाणं म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, डोळ्यांनी दिसणारही नाही इतकं बारीक. तो मान खाली घालतो तेव्हा चोच उलटी होते, जिभेने भराभरा पाणी आत-बाहेर करतो, आणि चोचीच्या कडेला असलेल्या झालरीत शेवाळ अडकतं, चहाच्या गाळणीत पत्ती राहते तसं. आता गंमत बघ, आपलं सांडपाणी खाडीत जातं, त्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर, म्हणजे शेवाळाला खतच. आपण घाण टाकली, शेवाळ वाढलं, फ्लेमिंगोंना जेवण मिळालं. शिवडीला त्यांचे मोठे थवे 1990 च्या दशकापासून यायला लागले. आणि पूर्व आफ्रिकेत हेच पक्षी सोडा घातल्यासारख्या झोंबऱ्या पाण्याच्या तळ्यांत राहतात, आपल्या पायांची सालं निघतील अशा, त्यांच्या पायांची कातडी जाड खवल्यांची असते. म्हणजे वाईट पाण्यात राहायची तयारी मुंबईला येण्याच्या कितीतरी आधीच झालेली होती.

पण म्हणून खाडीत आणखी घाण टाकली तर आणखी फ्लेमिंगो येतील असा हिशेब कोणी मांडला तर त्याला चूक म्हणून सांग. शेवाळ एका मर्यादेपलीकडे वाढलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, आणि कारखान्याची रसायनं ही काही खत नसतात. शिवाय इथे ते फक्त खायला येतात, अंडी घालायला कच्छच्या रणात वगैरे जातात. 2015 ला खाडीचा भाग अभयारण्य झाला, 2022 ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. पण उडायचा रस्ता कुठल्याच यादीत नसतो, मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून तीस-चाळीस फ्लेमिंगो एका रात्रीत मेले. विमानाशी जुळवून घ्यायला त्यांच्याकडे काहीच नाहीये, विमानं येऊन शंभर वर्षं झाली आणि तो पक्षी लाखो वर्षांचा आहे.

सांगायचं राहिलं, ओहोटीला जा, भरतीला नाही. भरतीला ते लांब जाऊन बसतात.

*आम्ही ट्रॉम्बेचे कोळी. निवट्या लहानपणापासून पकडतोय. मासा असून चिखलावर चालतो, तिवराच्या मुळावर चढतो, एवढा चिवट, मग आता कमी का झाला? – ट्रॉम्बे*

दादा, निवटीबद्दल तुम्हाला मी काय सांगणार, तरी विचारलंत म्हणून आतल्या गोष्टी सांगते. ती कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून बाहेर येते, आणि तोंड-घशाच्या ओल्या आतल्या कातडीतून आणि अंगावरच्या कातडीतून हवेतला ऑक्सिजन घेते, म्हणून अंग ओलं ठेवायला सारखी लोळते. पुढच्या परांचे कोपर टेकत टेकत पुढे सरकते. डोळे डोक्यावर, आणि ते आत ओढून ओले करून परत बाहेर काढते, आपण पापणी मिटतो तसंच काम. बिळाचं ऐकून मी थक्क झाले होते, काही जातींत बिळात खोल अंड्यांची खोली असते आणि चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे बाप तोंडात हवा भरून भरून आत नेऊन सोडतो! ओहोटीभर हीच हमाली.

आता कमी का झाली. चिवट दिसते पण तिचा चिवटपणा एकाच जागेसाठी आहे, दोन वेळा भरणारा-सुकणारा मऊ चिखल. तिथे तिच्याशी स्पर्धा करणारं कोणी नाही, मासे बाहेर येत नाहीत, पक्ष्यांच्या आधी ती बिळात. पण त्याच चिखलावर डेब्रिजचा एक डंपर ओतला तर बीळ पाडायला जागा नाही, भरतीचं पाणी अडवलं तर कातडी ओली राहत नाही, तेल आलं तर कातडीतून श्वास बंद. जो प्राणी कातडीतून श्वास घेतो त्याच्या अंगात पाण्यातलं सगळंच जातं. कबुतराला कुठलाही कठडा चालतो, निवटीला दुसरी जागाच नाही. तिवराचंही तसंच, पानांतून मीठ बाहेर टाकतं, चिखलातून वर आलेल्या खुंट्यांनी श्वास घेतं, पण त्या खुंट्या भरावाखाली गाडल्या की झाड गुदमरून मरतं. जाऊन कोणी कुऱ्हाड मारलीच पाहिजे असं नाही, आणि भराव टाकणाऱ्यांना हे चांगलं कळतं.

*येऊरला 2024 मध्ये कारवी बघायची राहून गेली. पुढच्या वर्षी फुलेल का? – ठाणे*

नाही हो, आता 2032. आठ वर्षांनी एकदाच सगळी एकदम फुलते, बी धरते आणि वाळते. एकदम का, तर दर वर्षी थोडं थोडं बी आलं तर उंदीर, किडे, पाखरं सगळं खाऊन टाकतील, आठ वर्षांचं एकदम पडलं की कितीही खाल्लं तरी उरतंच. अधूनमधून वेळ चुकलेलं एखादं झुडूप फुललेलं दिसतं, पण त्याच्या बियांचं काय होत असेल ते ओळखा.

*आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. जंगल सोडून तो इकडे का येतोय? वनखातं त्याला पकडून लांब का सोडत नाही? – गोरेगाव पूर्व*

तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या क्लिपने काय हलकल्लोळ माजला असेल त्याची कल्पना आहे. पण 'येतोय' म्हणण्यापेक्षा तो इथलाच आहे असं धरून चाला, कॅमेरे नवीन आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरच्या थोडं वर, तिन्ही बाजूंनी शहर, आरे त्याला लागून. बिबट्याला भिंत हा प्रकार कळतो पण हद्द कळत नाही. कॅमेरा ट्रॅपच्या मोजणीत 2015 ला 35 बिबटे होते आणि 2018 ला 47.

एवढ्या गर्दीत तो टिकतो कारण खाण्याच्या बाबतीत त्याचे नखरे नाहीत. उंदीर, घूस, माकड, चितळ, डुक्कर, आणि आपल्याकडे मुख्य म्हणजे भटकी कुत्री. 2018 च्या एका अभ्यासात हिशेब मांडला होता की उद्यानातल्या बिबट्यांच्या खाण्यात 40 टक्क्यांच्या आसपास कुत्री असावीत, वर्षाला दीड हजाराच्या घरात, आणि त्यामुळे कडेच्या वस्त्यांत कुत्रा चावायचं प्रमाण कमी राहत असणार. सोसायटीचा कचरा उघडा, म्हणून कुत्री, म्हणून बिबट्या. साखळी गेटपासून सुरू होते.

झुरळाच्या उलट, इथे शरीरात काही बदल झालेला नाही. जुन्नरच्या उसातला बिबट्या, सह्याद्रीच्या रानातला आणि फिल्म सिटीच्या मागचा, सारखेच. इथला बिबट्या शिकलेला असतो. पिल्लं दीड-दोन वर्षं आईबरोबर फिरतात, त्यात कुठल्या पाइपातून रस्ता ओलांडायचा, किती वाजता वर्दळ थांबते, कुठे दबा धरून बसलं की माणूस हातभर अंतरावरून जातो पण बघत नाही, हे सगळं बघून बघून येतं. ही विद्या त्या जागेची असते.

म्हणूनच पकडून लांब सोडणं मला तरी अजिबात पटत नाही, आणि नुसतं मत नाही, याचा नीट अभ्यास झालाय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर भागातली आकडेवारी तपासली. तिथे बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते ते 17 वर गेले. म्हणजे ज्याला परिसर पाठ आहे त्याला उचलून अनोळखी ठिकाणी टाकायचं, तो बिथरलेला, घरी परतायच्या मागे, आणि रिकाम्या झालेल्या त्याच्या जागेत नवा कोणीतरी तरणा येऊन बसणार, त्याला तर तुमची सोसायटी अजिबात माहीत नाही. मुंबईत 2004 ला हल्ले एकदम वाढले, जून महिना फार वाईट गेला, त्या काळात बाहेरचे बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. पुढे पकडापकडी कमी करून, लोकांशी बोलून, वनखात्याची पथकं तयार करून काम सुरू झालं तेव्हा परिस्थिती बदलली. आरेतले वारली वाघोबाला पिढ्यान् पिढ्या पुजत आलेत, ते 'पकडून न्या' म्हणत नाहीत, अंधार पडला की पोरांना आत घेतात.

तुम्ही काय करायचं: कचरा रात्री उघडा ठेवू नका, मागच्या बाजूचे दिवे चालू ठेवा, लहान मुलांना संध्याकाळनंतर एकटं पाठवू नका, अंधारात वाकून किंवा बसून राहू नका कारण खाली बसलेला माणूस त्याला माणूस वाटत नाही. समोर आलाच तर घोळका करून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका, त्याला पळायला वाट हवी असते आणि ती आपण अडवतो तेव्हाच तो उलटतो.

*कोकिळा पहाटे चार वाजल्यापासून ओरडते, झोप होत नाही. तिला काय झालंय? – विलेपार्ले*

तिला काही नाही, ओरडतोय तो. काळा नर 'कुहू' करतो, मादी ठिपक्याठिपक्यांची आणि तिचा आवाज वेगळा, किक-किक असा. कावळे पावसाच्या आधी घरटी बांधतात (तारा, हँगर, झाडूच्या काड्या, काय वाट्टेल ते) म्हणून कोकिळांचा हंगाम पण तेव्हाच, अंडी त्यांच्याच घरट्यात घालायची असतात ना. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या आधी अंड्यातून बाहेर येतं आणि भरवून घ्यायला लागतं. मुंबईत कावळे भरपूर म्हणजे दाया भरपूर, म्हणून कोकीळ पण भरपूर. जुलैनंतर शांत होईल, तोवर खिडकी लावा.

*आमच्याकडे पाणी एक दिवसाआड, म्हणून ड्रम भरून ठेवतो. दर आठवड्याला रिकामा करतो तरी डेंग्यूचे डास होतात असं महापालिकेचे लोक म्हणतात. कसं शक्य आहे? – लालबाग*

शक्य आहे आणि तेच बरोबर आहेत. डेंग्यूच्या डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ड्रमच्या ओलसर आतल्या कडेला चिकटवते. ड्रम रिकामा केला, अंडी तिथेच. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, आणि परत पाणी भरून पातळी तिथवर आली की फुटतात. झाडाच्या ढोलीत पावसाचं पाणी साचणं-सुकणं यासाठी ही युक्ती तयार झाली, आफ्रिकेतल्या जंगलात. आपला ड्रम त्या ढोलीपेक्षा भरवशाचा, दर दोन दिवसांनी भरतो!

मलेरियाच्या डासाचं वेगळं. शहरात मलेरिया पसरवणारा आपला डास स्टीफन्साय, त्याला विहिरी, गच्चीवरच्या टाक्या, बांधकामावरचं साठलेलं पाणी असं चालतं. 1911 ला डॉक्टर बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर सरकारला अहवाल दिला त्यात घरोघरच्या विहिरींकडे बोट दाखवलं होतं, मग विहिरी झाकायची-बुजवायची मोहीम निघाली आणि त्यावर लोक चिडलेही, विहिरी पवित्र होत्या ना. विहिरी गेल्या, डासाने टाकी धरली. आता हाच डास 2012 ला आफ्रिकेत जिबुतीत सापडला, मग इथिओपियात, आणि तिकडच्या डॉक्टरांची डोकेदुखी झालीय, कारण तिथला मलेरिया बहुतेक खेड्यापाड्यांतला असायचा आणि हा पाहुणा शहरात राहणारा.

तर ड्रम रिकामा करताना आतून, विशेषतः वरची कड, काथ्याने किंवा ब्रशने जोर लावून घासा, नुसतं पाणी मारून अंडी निघत नाहीत. झाकण घट्ट नसेल तर जुनं सुती कापड बांधा. आणि कुंडीखालच्या ताटल्या, फ्रीजच्या मागचा ट्रे, गच्चीवर कोणीतरी टाकून दिलेलं टायर, हे पण त्याच दिवशी बघून घ्या.